गोठ्यापर्यंतची रेंज

फोनमध्ये आबा म्हशीच्या कासेपाशी बसलेले होते. गुडघ्यांत बादली, डोक्याला मफलर. दबोराने चुलीवरून चहा उतरवला आणि पुन्हा फोन पाहिला. आबा तसेच. मग तिचं लक्ष चित्राच्या कोपऱ्यातल्या वेळेकडे गेलं. पाच बावन्न. भिंतीवरच्या घड्याळात सहा वाजून आठ मिनिटं झाली होती.

म्हणजे गेली सोळा मिनिटं ती आबांची नव्हे, एका फोटोची राखण करत बसली होती.

पलीकडच्या वस्तीवरची कालवड बिबट्याने नेली, तेव्हापासून घरात नियमच होता. एकाने धार काढायची, दुसऱ्याने घरात बसून गोठ्यातल्या कॅमेऱ्यावर नजर ठेवायची. काही हललं की फोनमधून ओरडायचं, कॅमेऱ्याच्या स्पीकरवर आवाज निघतो. आबा, म्हणजे तिचे सासरे येशुदास, धारेला जाताना फोन नेत नसत. फोन वाजला की म्हैस पान्हा चोरते. कॅमेऱ्याला तर ते 'चुगलखोर' म्हणत आणि त्याच्याकडे ढुंकूनही बघत नसत.

नवरा मॅथ्यू कुरकुंभला कंपनीत, सेकंड शिफ्टला. त्याचा फोन गेटवर जमा. चार अँटेनांचा हा राउटर त्यानेच शिरूरहून आणला होता. आणला तेव्हा ऊस गुडघ्याएवढा होता आणि म्हशीच्या पाठीवरची माशीसुद्धा दिसायची. आता ऊस घराच्या पत्र्याला लागला होता आणि चित्र रोज अडखळत होतं. सकाळीच तिने दुकानदाराला फोन केला होता. "वहिनी, ऊस म्हंजी उभं पाणीच की," तो म्हणाला. "त्यातनं वायफाय कसं जाईल? रविवारी येतो, गोठ्यावर दुसरा बसवू." जणू बिबट्यालाही रविवारपर्यंत थांबायला सांगितलं होतं!

"आबा! ओ आबा!" फोनमध्ये ओरडून उपयोग नव्हता, म्हणून ती दारात येऊन ओरडली. शेजारी बसून बोललेलं ज्यांना ऐकू येत नाही, त्यांना उसाच्या पलीकडून काय ऐकू येणार?

दारातून गोठा दिसत नव्हता. मधे सगळा ऊस, आणि अंगणाच्या टोकाला उसातून गोठ्याकडे जाणारी वाट. त्या वाटेच्या तोंडाशी राउटर नेला तर रेंज सरळ गोठ्यात जाईल, असं तिच्या डोक्यात आलं. त्यापेक्षा सरळ पळत जावं, हेही आलं. पण त्याला पाय तयार होईनात. घाबरलेल्या माणसाला पळण्यापेक्षा वायर जोडणं सोपं वाटतं.

फायबरवाल्याने खिडकीत वायरचं भलंमोठं वेटोळं ठेवलं होतं. तिने ते मोकळं केलं, बांधकामाच्या वेळचा लांब वायरीचा बोर्ड अंगणात ओढला, राउटर त्याला जोडला आणि छातीशी धरून वाटेच्या तोंडापर्यंत गेली. मधे बंद झालेला राउटर पहिल्यापासून सुरू होत होता. लाल दिवा. "प्रभू, आबांना सांभाळ," ती पुटपुटली. पुन्हा लाल. "प्रभू, लवकर!" असली घाईची प्रार्थना तिने जन्मात केली नव्हती. दिवस मावळून अंधारायला लागलं होतं. मान वर केली असती तर समोरच, वाटेच्या दुसऱ्या टोकाला, गोठ्याचं दार दिसलं असतं. पण फोनमध्ये गोल फिरणाऱ्या त्या चकतीवरून तिची नजर हलेना.

चित्र आलं. सहा एकोणीस.

म्हशीपाशी आबा नव्हते. मग ते दिसले. गोठ्याच्या दारात, पाठमोरे, हातात बॅटरी. बॅटरीचा झोत वाटेवर लांबपर्यंत गेला होता आणि त्याच्या टोकाला एक बाई उभी होती, छातीशी कसलातरी डबा धरून. ती बाई आपणच आहोत हे कळायला दबोराला क्षणभर लागलं. बाईच्या डाव्या हाताला, उसात, कमरेएवढ्या उंचीवर दोन ठिपके चमकत होते.

आबांनी बॅटरी हलवली नाही. नुसती मान वळवली आणि कधी नव्हे ते कॅमेऱ्याकडे बघून, अगदी हळू आवाजात बोलले.

"दबोरा, ऐकतीस ना? पळू नको. खाली वाकू नको. हाय तशीच उभी ऱ्हा."

ती उभी राहिली. डावीकडे उसाचं वाळलं पाचट वाजलं. इतकी भीती तिला कधीच वाटली नव्हती.

"भिऊ नको, पोरी. मी येतो."

फोनमधल्या, पुन्हा थबकलेल्या चित्रात आबा अजून गोठ्याच्या दारातच होते, कॅमेऱ्याकडे बघत. आणि समोरच्या वाटेवरून बादली बडवत, मोठमोठ्याने ओरडत, म्हातारी पावलं तिच्या दिशेने धावत येत होती.