धार काढल्याशिवाय सौदा नाही

“काका, याची धार काढून बघू का?”

संस्कृतीनं विचारलं आणि दुकानातली सगळी माणसं वळून बघायला लागली. नगरच्या एवढ्या चकचकीत दुकानात, सगळ्यांसमोर, मोठ्यानं! दहावीतल्या या बाईसाहेब हे विचारूच शकणार नाहीत, अशी वर्गातल्या रुचानं आणि स्नेहलनं पैज लावली होती. विचारलं की नाही?

दुकानदार केदारशेठ गोंधळले. “कशाची धार?”

“आम्ही घोडेगावचे. पप्पा बाजारात म्हशींचे सौदे करतात. धार काढून बघितल्याशिवाय म्हैस घेत नाहीत. तुमचा कॉम्प्युटर जुना आहे ना? मग चालवून बघूनच घेणार.”

पप्पा, म्हणजे अमृत दरंदले, खूश होऊन हसले. “बरोबर हाय. दावणीला बांधल्यावर वरडून काय उपयोग?”

संस्कृती हसली नाही. भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन वाजले होते. ग्राफिक डिझाईनच्या क्लासचा प्रवेश पाचला बंद होणार होता आणि एकच जागा उरली होती. अट अशी, की घरी स्वतःचा कॉम्प्युटर हवा. त्याचं बिल दाखवायचं, मगच प्रवेश. पप्पांच्या खिशात बावीस हजार होते. निवड चुकली तर दुसरा घ्यायला पैसे नाहीत, आणि पुढची बॅच थेट पुढच्या वर्षी.

क्लासच्या मॅडमनी पेन ड्राइव्ह दिला होता. त्यात मोठ्या फ्लेक्सची जड फाईल होती. ती उघडून तिच्यावर काम करता आलं तरच घ्या, असं त्यांनी बजावलं होतं.

केदारशेठनी आधी रंगीबेरंगी लाईटचा सीपीयूचा डबा पुढे केला. निळा, जांभळा, हिरवा. नुसता झगमगाट.

“शिंगं रंगवलीत नुसती,” पप्पा म्हणाले. “आतमधी काय हाय?”

“आठ जीबी रॅम. शिकणाऱ्याला बास होते.”

“मॅडम सोळा म्हणाल्यात,” संस्कृती म्हणाली आणि पेन ड्राइव्ह लावला. फाईल उघडली. तिनं माऊस शेजारी उभ्या आईपुढे सरकवला. “आई, तू काढ ना एखादा मोर. मला नाही जमत.”

तिनं खुर्ची आईकडे ओढली.

आई पोळ्यासाठी बैलांच्या झुली शिवायची. पाथर्डीपासून काष्टीपर्यंत तिच्या झुली जायच्या. कापडावर खडूनं थेट मोर काढायची, खोडरबर म्हणून नाही. पण माऊस हातात आल्यावर ती दचकली. “अगं बया, हे तर पळतंय की!”

मग सवय झाली. चोच झाली, मान झाली. दुसऱ्या पिसाला स्क्रीन थिजली. मधोमध एक गोल फिरत राहिला. एक मिनिट. दोन मिनिटं.

“आटली,” पप्पा म्हणाले.

केदारशेठचा चेहरा उतरला. कोपऱ्यात एक साधा काळा डबा होता. सोळा जीबी, आतली डिस्कही नवी, स्क्रीनसकट बावीस हजार. पण पांढऱ्या शर्टातला एक माणूस त्यावर हात ठेवून उभा होता. “शेठ, हा माझा. एटीएमला जाऊन आलोच.” तो निघाला.

“इसार दिलेला नाही त्यांनी,” केदारशेठ हळूच म्हणाले. “पण ते यायच्या आत ठरवा.”

पावणेचार.

त्यांनी डब्याला लहान स्क्रीन जोडली. फाईल झटक्यात उघडली. आई पुढे वाकून फ्लेक्सवरचा लाल रंग बघू लागली. “ह्यो लाल न्हाई. शेंदरी हाय.”

“काकू, स्क्रीनवर तसाच दिसतो.”

“आन त्या पलीकडच्या मोठ्या स्क्रीनवर? तिथं लाल दिसतंय की लाल!”

केदारशेठनी मान खाजवली. “ती चांगली आहे. पण दीड हजार जास्त पडतील.”

“मोठीच द्या,” संस्कृती घाईनं म्हणाली. “बारीक बघून डोळे दुखतात.”

“पोरीच्या डोळ्यांपुढं दीड हजार काय घिऊन बसलाय!” पप्पा म्हणाले. संस्कृतीनं खाली बघितलं.

मोठ्या स्क्रीनवर मोर पुन्हा सुरू झाला. मान, तुरा, पिसारा. कुठे अडकला नाही. डबा गरमही झाला नाही. चार वाजून गेले.

“आई, सोड आता.”

“थांब गं, एक पीस ऱ्हायलंय.”

“क्लास म्हणजे तो दुपारचा ना?” केदारशेठनी विचारलं. “बारा ते दोनवाला?”

“हो, तोच,” संस्कृती पटकन म्हणाली.

पप्पांचं लक्ष नव्हतं. म्हशींच्या बाजारात भाव करतात तसा त्यांनी गळ्यातला टॉवेल केदारशेठच्या हातावर टाकला आणि खालून त्यांची बोटं धरली. केदारशेठ आधी लाजले, मग मान हलवली. नाही. पप्पांनी परत बोटं दाबली. परत नाही.

तेवढ्यात दाराबाहेर पांढरा शर्ट दिसला. चपला काढत होता.

संस्कृतीनं पप्पांची बाही ओढली. “पप्पा, तो आला!”

पप्पांनी तिसऱ्यांदा बोटं दाबली. टॉवेलखाली काय झालं कोण जाणे, पण केदारशेठ फिसकन हसले. “काढा बावीस, आणि न्या.”

पांढरा शर्ट दारातच थबकला.

“ठरलं!” पप्पांनी टाळी घेतली.

साडेचार. क्लास हाकेच्या अंतरावर होता. केदारशेठनी बिलबुक उघडलं. “क्लासला बिल विद्यार्थ्याच्याच नावाचं लागतं. पूर्ण नाव सांगा.”

“ल्ह्या, संस्कृती अमृत...” पप्पा सांगू लागले.

“थांबा!” संस्कृती ओरडली.

पेन हवेत राहिलं. पप्पा, आई, केदारशेठ, सगळे तिच्याकडे बघत होते. धार काढायचं विचारताना एवढी भीती वाटली नव्हती. तिनं बिलबुकावर हात ठेवला.

“पप्पा, आई, मी ठरवलंय. मॅडमना कालच सांगून आलेय, आता कुणी नाही म्हणायचं नाही.” ती केदारशेठकडे वळली. “लिहा काका, चांगुणा अमृत दरंदले. क्लासला आई जाणार.”