फाट्यावरचा तास

“अर्ज निनावी आहे, तुमच्या हातात देता येणार नाही. वाचून दाखवतो,” प्राचार्य म्हणाले, आणि त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

हरीश उभाच होता. नऊ वर्षं तो या कॉलेजात तासिका तत्त्वावर गणित शिकवत होता. म्हणजे घेतले तेवढे तास आपले, आणि दर जूनला पुन्हा नव्यानं मुलाखत! बी.एस्सी. तिसऱ्या वर्षाच्या बीजगणिताला कुणी हात लावत नसे. पोरं नापास होतात, कोण डोकं फोडणार? ते यानं हौसेनं अंगावर घेतलं होतं.

“मुद्दा एक. रास्ता रोकोच्या दिवशी हरीश सर कॉलेजात आले नाहीत. मुद्दा दोन. त्या दिवशीच्या तासापुढं मस्टरवर त्यांची सही आहे. मुद्दा तीन. म्हणून सरांनी न घेतलेल्या तासाची सही केली.” प्राचार्यांनी मान वर केली. “खरं आहे?”

“तास झालाय, सर. वारंगा फाट्यावर झाला.”

“फाट्यावर? फाटा म्हणजे काय वर्ग आहे का हो?”

प्राचार्यांनी अर्ज फायलीत घातला. “उद्यापासून येऊ नका. माझाही नाइलाज आहे. गणिताच्या जागेसाठी एकाचा अर्ज आलेलाच आहे, तास काही बुडायचे नाहीत.”

हरीश बाहेर आला आणि जिन्याच्या पायरीवर मटकन बसला. त्याला तो दिवस जसाच्या तसा आठवत होता. फाट्यावर दोन्ही बाजूंनी गाड्या तुंबल्या होत्या, एसटी जागची हलत नव्हती. गाडीत वर्गातली साधना होती. तो म्हणाला, आजचा तास गेला. तर पोरगी हटूनच बसली.

“काहून गेला, सर? उद्या चाचणी हाय. हितंच शिकवा की! आन् सही बी करा. तास तो तासच.”

मग टपरीच्या बाकड्यावर, बियाण्याच्या दुकानाच्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर लिहून त्यानं दीड तास शिकवलं. प्रमेय सुटलं तसा साधनानं खाली एक बारका चौकोन काढला. सिद्धता संपली की चौकोन काढायचा, ही हरीशची जुन्या पुस्तकातून उचललेली सवय. बाकी सगळा वर्ग ‘म्हणून सिद्ध’ लिहून मोकळा व्हायचा. चौकोन घेतला तो एकट्या साधनानं, आणि वर त्यात टिकली द्यायची.

“मोकळा बरा दिसत न्हाई, सर.”

“तू किराण्याच्या यादीखालीसुद्धा काढशील.”

“काढते की! हात आपसूकच जातो,” ती हसली. मग चहा पिताना म्हणाली, “आमच्या विजयकुमारदादाचं बी एम.एस्सी. गणितच हाय. दोन वर्सं झाली, घरीच बसून राहिला.”

“जागा निघाली की पहिलं तुला सांगतो,” हरीश म्हणाला होता, आणि मनापासून म्हणाला होता.

हे सगळं आणखी एकानं बघितलं होतं. तांड्यावरचा जगन, याच वर्गातला. पलीकडच्या दुकानाच्या ओट्यावर बसून होता, पण शिकायला म्हणून जवळ फिरकला नाही. दुसऱ्या दिवशीच्या चाचणीत हरीशनं त्याला वीसपैकी चार दिले होते.

मग अर्ज कुणाचा? हे सांगायला काय ज्योतिषी पाहिजे?

“सर, आयकलं ते खरं हाय का हो?” साधना समोर उभी होती. डोळे भरलेले. “कोणी केलं असंल? त्या दिशी फाट्यावर आपल्याबिगर तर निस्ता जगन व्हता.”

“जाऊ दे, बाई.”

“तुमी गेल्यावर आमचं कसं व्हायचं? तुमची टिपणं तरी देऊन जा, सर.”

हरीशला भरून आलं. एका तरी लेकराला कळवळा आहे! नऊ वर्षांच्या टिपणांची अख्खी पिशवी त्यानं तिच्या हातात ठेवली.

फाटकापाशी जगन दिसला आणि हरीशचं डोकंच फिरलं.

“झालं समाधान? चार मार्कांपायी माणसाच्या पोटावर पाय दिलास?”

“म्या न्हाई, सर.”

“तू नाही तर काय मी लिहिला तो अर्ज? तोंड दाखवू नको मला!”

जगनचं तोंड एवढंसं झालं. तो ऑफिसकडं वळला.

हरीश स्टँडवर येऊन गाडीची वाट बघत बसला. घरी काय सांगायचं, तेच सुचत नव्हतं. तेवढ्यात जगन धापा टाकत आला. हातात एक झेरॉक्स होती.

“ऑफिसातल्या शिलाबाईच्या पाया पडून आणली, सर. मला चार मार्क पडले ते बराबरच व्हते, त्याचा राग न्हाई. पन हा आळ घेऊन म्या घरी जानार न्हाई. बघा, माझं अक्षर हाय का हे?”

हरीशनं कागद घेतला. अक्षर जगनचं नव्हतं. तसं ते कुणाचंच नव्हतं, डाव्या हातानं काढल्यागत मुद्दाम वाकडंतिकडं केलेलं. मुद्दा एक, मुद्दा दोन, मुद्दा तीन, म्हणून. मांडणीत कुठं बोट ठेवायला जागा नव्हती. तो वाचत खाली आला. सही नव्हतीच. शेवटच्या वाक्यापुढं फक्त एक बारका चौकोन होता, आणि चौकोनात टिकली.