पुंजरसायनाची एक जागा

आकांक्षा मुलाखत देऊन बाहेर आली, तेव्हा केदार पांढरीपांडे सर पोह्यांची प्लेट संपवत होते.

“काय विचारलं?”

“कामाबद्दलच, सर.”

अमरावतीत पुंजरसायनाच्या, म्हणजे क्वांटम केमिस्ट्रीच्या, प्राध्यापकाची जागा एकच होती आणि उमेदवार दोघं. अकोल्याच्या कॉलेजात बावीस वर्षं घासलेले सर, आणि त्यांच्याच हाताखाली पीएच.डी. झालेली ही अकोटची पोरगी. सरांच्या निवृत्तीला सहा वर्षं उरली होती. पुन्हा अशी जाहिरात निघेल याची काही आशा नव्हती.

पण आज सर निर्धास्त होते. लोखंडावर ऑक्सिजन किती घट्ट चिकटतो, हे गणित मांडून त्यांनी नाव कमावलं होतं. आकांक्षानं तेच कोबाल्टवर केलं आणि तिचाही शोधनिबंध गाजला. परवा सरांनी त्याला जोडलेल्या संगणकाच्या फाइली स्वतः उघडल्या. एरवी असली हमाली ते विद्यार्थ्यांवर सोपवत. पाचव्या मिनिटाला चूक हाती लागली. ऑक्सिजनच्या रेणूत दोन इलेक्ट्रॉन जोडीविना असतात, म्हणून तिथे त्याहून एक जास्त, म्हणजे तीनचा आकडा टाकावा लागतो. फाइलमध्ये होता एक. तेवढ्यानं सगळं उत्तर चुकतं, निबंध मोडीत निघतो.

सरांना वाईट वाटलं. पण फार वेळ नाही.

आत गेल्यावर त्यांनी आपणहून विषय काढला, फाइलचा कागद टेबलावर ठेवला आणि चूक झकास समजावून दिली. समितीतले तज्ज्ञ खुर्ची पुढे ओढून ऐकू लागले.

“असा निबंध मागे घ्यायलाच हवा,” सर ठणकावून म्हणाले. “मग तो कोणाचाही असो!”

तज्ज्ञांनी ते वाक्य लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर सरांनी आकांक्षाच्या डोक्यावर हात ठेवला. “तुझी ऑक्सिजनची चूक मी आत सांगितली. राग मानू नकोस. शास्त्रात नातीगोती चालत नाहीत.”

ती बाकावर बसली.

“काहून सांगितली, सर? मले मागच्याच आठवड्यात सापडली होती. तुमाले सांगून मंगच निबंध मागे घेणार होती, म्हणून आत गप्प राहिली.”

“मला कशाला सांगायचं?”

“ते ऑक्सिजनची फाइल तुमचीच हाय, सर. तुमच्या साऱ्या निबंधांत तेच हाय. मी फक्त लोखंडाच्या जागी कोबाल्ट टाकला.”