भाईंच्या चपला

"तुझो कण गावलो काय गो?"

सुनीतीने पिशवी ओटीवर टेकली नव्हती, तोच भाईंनी विचारलं. तिने आधी वडिलांचे पाय पाहिले. अजून अनवाणीच. टाचांच्या भेगांत आरोंद्याची माती काळी होऊन बसलेली. ती मुंबईला संशोधनाला लागली तेव्हा भाई ग्रामदेवी सातेरीला नवस बोलले आणि चपला माळ्यावर गेल्या. कण सापडेपर्यंत घालायच्या नाहीत, असं आईनेच तिला सांगितलं होतं.

"नाय, भाई."

अवकाशातून प्रतिप्रोटॉन, म्हणजे प्रोटॉनचे उलट्या भाराचे भाऊबंद, अपेक्षेपेक्षा जास्त येतात, असं आधीच्या मोजणीत दिसलं होतं. आकाशगंगेत न दिसणारं द्रव्य भरून आहे, त्याचे कण एकमेकांवर आदळून नाहीसे होतात आणि त्यातून ही भर पडते, असं सुनीतीचं म्हणणं. सगळा प्रबंध त्यावर उभा. सत्त्याऐंशी साली परदेशात बलून सोडून पुन्हा मोजलं, तर जादा प्रतिप्रोटॉन नव्हतेच.

"पयलां माप चुकलेलां," ती म्हणाली. "माझो कण असलो तरी आता दाखवूक कायच नाय. तुमी चपलां घाला, भाई. पाया पडतंय तुमच्या."

प्रबंध दुसरा लिहिता आला असता. या पायांचं काय करायचं ते तिला सुचत नव्हतं.

"परत मोजल्यानी ता नक्की?"

"नक्की."

"अगो, माळ्यावरची माझी चपलां काढ!" भाईंनी आत हाक मारली. "नवस फिटलो!"

सुनीतीची आई, सरलाबाई, हात पुसत दारात आल्या. "फिटलो? कण खंय गावलो?"

"कण गावू दे, असां मी मागूकच नाय. नसलोच तर सातेरी खंयसून हाडतली? पोरगी सांगता ता खरां की खोटां, एकदा तिका कळू दे, एवढांच मागलंय."

"आणि मी सगळ्या वाडीक उलटांच सांगान ठेवलंय!"

सुनीती ओटीवर मटकन बसली आणि रडता रडता हसायला लागली. किती दिवसांनी तिला मोकळा श्वास घेता आला.

चपला वाळून कडक झाल्या होत्या. "चावतत गो मेली," म्हणत भाई नारळ घेऊन लंगडत निघाले. ती मागोमाग.

देवळाच्या पायरीशी ते थबकले. इतक्या वर्षांनी तिथे काढून ठेवायला त्यांच्या पायांत काहीतरी होतं. त्यांनी चपला जोडीने नीट लावल्या.

"तू हंयच रव," ते म्हणाले. "कोण तरी नेयत."