बाबा उठत नाहीत

“उठा ना बाबा, एकदाच!” लेकीने त्यांचे दोन्ही हात धरून ओढलं. बाबा जेमतेम खुर्चीतून सुटले, गुडघे लटपटले आणि धपकन पुन्हा बसले.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाबा वायरमन. जन्मभर विजेच्या खांबांवर सरसर चढले. या वृद्धाश्रमात आले तेव्हाही काठी टेकत बागेत फेऱ्या मारायचे, माळ्याच्या चुका काढायचे. मध्यंतरी बाथरूममध्ये घसरले, कपाळाला खोक पडली. मग आश्रमाने फरशीवर खरखरीत पट्ट्या चिकटवल्या, भिंतींना कठडे बसवले. गुळगुळीत सपाता जाऊन पट्ट्यांच्या चपला आल्या. बाबा पुन्हा पडले नाहीत. लेक निर्धास्त झाली होती. आणि आज हे!

बाबांची देखभाल करणाऱ्या मावशी दारात ओले हात पुसत उभ्या होत्या.

“तुम्ही यांना चालवत नाही का?” ती कडाडली. “नुसतं बसवून ठेवलंय! पाय गेले ना त्यांचे कामातून!”

“रोज हातापाया पडते हो ताई. ते खुर्ची सोडतच नाहीत.”

“वा! म्हणजे दोष त्यांचाच. थांबा, मॅनेजरलाच विचारते.”

तिने पर्स उचलली. तेवढ्यात बाबांनी तिचं मनगट धरलं. हातात अजून चांगलाच जोर होता.

“मावशींना बोलू नकोस,” ते दबक्या आवाजात म्हणाले. “मागे मी पडलो, तेव्हा सगळ्यांदेखत तू त्यांना नाही नाही ते बोललीस. जिन्यात बसून रडत होत्या बिचाऱ्या. चूक माझी होती, हाक न मारताच गेलो होतो. तेव्हाच ठरवलं, आता उठायचंच नाही. मी पडलोच नाही, तर त्यांना कोण बोलेल?”

लेक मटकन पलंगावर बसली. मावशींनी तोंडाला पदर लावला आणि त्या भिंतीकडे वळल्या.

मग लेक उठली. खाली वाकून तिने बाबांच्या पायांत चपला चढवल्या, पट्टे आवळले, काखेखालून हात घातला.

“मावशी, त्या बाजूने धराल का?” “उठा बाबा. पडलो, तर तिघंही पडू.”