वेगळ्या खिळ्यावरचा कंगवा

'डोक्यात नायटा आहे, इतर मुलींना लागेल,' अशी चिठ्ठी देऊन वसतिगृहाने कावेरीला घरी धाडलं होतं. आता डॉक्टरीणबाई भिंगातून तिचं डोकं पाहत होत्या आणि शेजारी बसलेल्या भास्कररावांचा, तिच्या वडिलांचा, जीव टांगणीला लागला होता.

"नायट्यात केस तुटतात, हिचे शाबूत आहेत," बाई म्हणाल्या. "कोंडा असता तर सहज सुटला असता. ही खपली जाड, चंदेरी आहे. नखं दाखव बघू."

नखांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खळगे होते.

"सोरायसिस वाटतोय. औषधाने आटोक्यात राहतो आणि कुणालाही लागत नाही. घरात आणखी कुणाला आहे?"

असली नखं भास्करराव दर राखीपौर्णिमेला आपल्या बहिणीच्या, आक्काच्या, बोटांवर बघत आले होते. तिचा कंगवा वेगळ्या खिळ्याला टांगायचा, हा नियम तीस वर्षांपूर्वी त्यांनीच घातला होता.

घरी येताच ते मागच्या खोलीत गेले. आक्का सवयीने भिंतीकडे सरकली.

"तुझा कंगवा दे गं," ते खाली बघत म्हणाले. "केस विस्कटलेत माझे."