नको तितकी पांढरी

हैबतरावांनी पुड्यात बोट घातलं, बाहेर काढलं, आणि बोटाला पाल चिकटली असावी तसं त्याच्याकडे पाहिलं.

"पांढरी हाय," ते म्हणाले.

येसाजीचा चेहरा खुलला. या कौतुकाचीच तो वाट पाहत होता. नाते गावचा हा पोरगा घाटावरच्या साखर कारखान्यात कामाला होता. आज पोलादपुरात त्याचा साखरपुडा होता. "महाडच्या बाजारात मिळंल ती साखर घे आन् मोकळा हो," असं बाप कोंडाजीनं बजावलं होतं. पण हा होणारा सासरा कडवा स्वदेशी. मुंबईला गिरणीत असताना सभा ऐकून आला होता. आल्यावर त्यानं घरातलं विलायती कापड जाळलं, विलायती काड्यापेट्या विहिरीत टाकल्या, आणि टायगर कुत्र्याचं नाव वाघ्या ठेवलं. तेव्हापासून कुत्रं हाकेला येत नव्हतं. अशा माणसाकडे जावा बेटावरची परदेशी साखर कशी न्यायची? म्हणून येसाजीनं स्वतःच्या कारखान्यातली साखर सदऱ्याच्या आत छातीशी धरून घाटाखाली आणली होती.

"मामा, आमचा साहेब म्हनतो, आपली साखर जावाच्या साखरेच्या तोंडात मारते. तिच्याहून पांढरी!"

"साहेब? कोन साहेब?"

"म्यानेजर. गोरा हाय."

ओटीवरच्या मंडळींच्या सुपाऱ्या तोंडातच थांबल्या.

"आन् यंत्र?"

"विलायतेचं." येसाजीला खोटं बोलायची सवय नव्हती. कोंडाजीनं त्याच्या मांडीला चिमटा काढला, पण तो उशिरा.

"निदान ऊस तरी?"

"ऊस आपल्याच मातीतला, मामा!"

हैबतरावांच्या कपाळाच्या आठ्या जरा सैलावल्या. येसाजीला इथं थांबता आलं असतं.

"बेनं तेवढं जावाचं," तो म्हणाला.

"ऐका!" हैबतराव मंडळींकडे वळले. "जावाची साखर जहाजानं मुंबईला येते, मुंबईवरनं खाडीनं महाडात. आता सरकारनं जकात बसवली, तर ही बया वेश पालटून घाटावरनं यायला लागली! आन् ती बी माज्या पोरीच्या पुड्यात!"

"मामा, माज्या डोळ्यांदेखत पोत्यात भरली हो."

"डोळं काय करतील? रंग बोलतो." त्यांनी माजघराकडे तोंड केलं. "आपली साखर आन गो जरा!"

त्यांची बायको गोदूबाई वाटी घेऊन आली, खाली ठेवली आणि दाराआड गेली. वाटीतली साखर पुरातल्या सावित्री नदीच्या रंगाची होती. हैबतरावांनी चिमूटभर येसाजीच्या तळहातावर ठेवली.

"खा. दाताखाली कचकच लागली?"

"लागली."

"ती आपली माती. सहा वर्सं खातोय. वैद्यानं हात टेकले, ती माजी कंबर हिनं सरळ केली."

येसाजीनं ती माती नम्रपणे गिळली आणि दाराकडे पाहिलं. दाराआड बांगड्या वाजल्या. त्या नवरीच्या, आवडीच्या होत्या. याआधी दोन ठिकाणी येसाजीची 'पोरगी घाटावर धाडायची नाय' म्हणून बोलणी मोडली होती. आवडी मात्र म्हणाली होती, मला कारखान्याचं धुराडं बघायचंय. धुराड्यासाठी होकार देणारी दुसरी मुलगी उभ्या महाड तालुक्यात मिळाली नसती.

हैबतरावांनी पुडा घडी करून परत सरकवला.

"ह्या साखरेवर माजी आवडी द्यायची नाय."

कोंडाजीनं पागोटं डोक्यावर चढवलं. "ऊठ रे. तुज्या साहेबालाच इचार, त्याला पोरगी हाय का."

"थांबा!" गोदूबाई दारात आली. "दारात आलेला पुडा देवापुढं टेकवल्याबिगर परत जात नाय. द्या इकडं. आन् पिशवी बी द्या, नारळ ठेवते तीत."

पुडा आणि पिशवी आत गेली. बराच वेळ गेला. आत पाट्यावर काहीतरी घासल्याचा आवाज झाला. मग गोदूबाई कपाळाचा घाम पुसत बाहेर आली.

"अवो, ह्या पोराला काय म्हनावं! पिशवीच्या तळाला दुसरा पुडा होता की. त्यानं साहेबाचा काढला, आमच्यासाठीचा आतच ठेवला!"

पिशवीच्या तळाशी दुसरा पुडा नव्हता. तसं सांगायला येसाजीनं तोंड उघडलं. या खेपेला कोंडाजीचा चिमटा वेळेवर पोचला.

हैबतरावांनी बोट घातलं. साखर तांबूस-काळपट होती, बोटाला चिकटली. त्यांनी ती जिभेवर ठेवली. कचकच ओटीच्या टोकाला बसलेल्या माणसालाही ऐकू आली. हैबतरावांचे डोळे भरून आले.

"आता कसं! अशी तर आमच्या घरात बी कधी आली नाय. अरे, ही अस्सल देशी! आवडे, बाहेर ये गो."

कुंकू लागलं. पुडा आवडीच्या ओटीत पडला. सगळ्यांच्या हातावर साखर आली आणि सगळ्यांनी ती हैबतरावांच्या देखत चावून खाल्ली.

पंगत उठल्यावर येसाजी हात धुवायला मागल्या अंगणात गेला. गोदूबाई तांब्यानं त्याच्या हातावर पाणी घालत होती.

"मामी," त्यानं हळूच विचारलं, "काय घातलंत तीत?"

"चुलीतली राख. आन् वाईच काकवी."

"आन् मामांची ती घरातली? स्वदेशी?"

"महाडच्या बाजारात जावाबिगर दुसरी येते कुठं, जावईबापू?" तिनं तांब्या उपडा केला. "पर तिला एक मूठ राख पुरते. तुमची खरीच देशी निघाली, दोन लागल्या."